नकट्यातली खुर्ची

रायपूरच्या चौबे कॉलोनीत माह्या भाच्याचं, म्हणजे भावाच्या पोट्ट्याचं, मयंकचं, थिएटर आहे. मोठं काही नाही, एका हॉटेलाच्या वरचा मजला. शनिवारी तिथं पोट्टे-पोट्ट्या काही न लिहिता, काही पाठ न करता नाटक करतात. समोर बसलेल्यांनी एक नातं सांगायचं, एक जागा सांगायची, अन् यांनी तिथल्या तिथं हसवायचं. तिकीट लागते. शिकणाऱ्यांचा वर्गही भरते, त्यात पहिल्या दिवशी मयंक फळ्यावर नियम लिहून देते की समोरचा जे म्हणेल त्याले कधी नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं अन् पुढं न्यायचं. हे तो मुंबईले शिकून आला म्हणे. जिना चढला की भिंतीवर माह्या बाबांचा फोटो आहे, हार घातलेला, अन् खाली हिंदीत लिहून आहे की हे दादाजी, आमच्या थिएटरचे पहिले कलाकार. फोटोखाली लोखंडाची घडीची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर लाल चौकडीचा गमछा. पहिल्यांदा हे पाहिलं तवा मी तिथंच कठड्याले धरून उभी राहिली, अन् ते काही गुडघ्यांमुळं नाही. आईचा फोटो कुठंच नव्हता. विचारलं तर मयंक म्हणे, "बुआ, दादी का कोई ढंग का फोटो मिला ही नहीं।" म्हातारपणी राग शांत होते असं लोक सांगतात. माहा तर रोज वाढून राहिला आहे, म्हणून हे सारं एकदा लिहून ठेवते.

आम्ही भनपुरीले राहत होतो. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण बाबांना सिलतऱ्याच्या एका कारखान्यात क्रेनवर काम भेटलं अन् दोन खोल्या अन् एक आंगण असलेलं घर भनपुरीत भाड्यानं घेतलं. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जायचे, अन् त्यांचे भोंगे असे की बोलणारा माणूस वाक्याच्या मधात थांबून जाये. मागं पोहा मिल होती, तिचा धपधप आवाज भिंतीतून यायचा. मिल बंद असली की आम्हाले झोप लागत नसे. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळपट होऊन यायचे. आई ते झटकून झटकून घड्या करे अन् म्हणे, "कारखाना घरी पगार धाडते अन् संगं काळखं पण धाडते." आई अशीच बोलायची, पण स्वयंपाकघरात, आमच्यापुढं. बाबा घरी आले की ती बोलणं बंद करे, जसं कोणी नळ बंद करावा.

बाबांनी आईवर कधी हात उगारला नाही. हे मले आजही लोक सांगतात, जसं काही त्यांना त्याचं बक्षीस भेटलं पाहिजे. ते फक्त ताट सरकवायचे. आई पातोडीचा रस्सा करे, अंबाडीची भाजी करे, शेजारच्या दुलारी काकीकडून शिकून तांदळाचे फरे करे, अन् बाबा एक घास घेऊन बोटानं ताट पुढं ढकलत. स्टीलचं ताट फरशीवर घासते त्याचा आवाज ज्यानं ऐकला त्याले ठाऊक. "मीठ कोठं आहे याच्यात?" आई चूप राहिली की म्हणत, "तोंड नाही का तुले?" अन् तिनं सांगितलं की मीठ बरोबर आहे जी, तर म्हणत, "लय तोंड फुटलं तुले." म्हणजे चूप राहिलं तरी मरण, बोललं तरी मरण. मी अन् सुनील, माहा भाऊ, मान खाली घालून जेवत होतो. मीठ बरोबरच असे.

दुलारी काकी छत्तीसगढी, आमच्या भिंतीला भिंत लागून. तिच्या मोठ्या पोट्ट्याचं लग्न झालं तवा आईनं पहिल्यांदा नकटा पाहिला. नकटा म्हणजे काय ते सांगते. नवरदेवाची बारात गेली की पारा, म्हणजे मोहल्ला, पुरुषांवाचून रिकामा होते. बायका तवा बारातीत जात नसत. मग मागं राहिलेल्या बायका आंगणात जमून, पुरुषांचे कपडे घालून, साऱ्या पुरुषजातीची टर उडवतात. काही ठरलेलं नसते. एकजण दुसरीच्या आंगावर गमछा फेकते अन् म्हणते, तू दरोगा, तू दारुडा, तू सासरा. जिच्यावर गमछा पडला तिनं नाही म्हणायचं नाही. तिनं म्हणायचं "हव," म्हणजे हो, अन् तेच होऊन जायचं. पुरुषानं नकटा पाहायचा नाही, अन् सापडलाच तर त्याले लुगडं नेसवून नाचवायचं. तिथं जे बोललं ते तिथंच राहते. तर त्या दुपारी गमछा आईवर पडला अन् काकी म्हणाली, "तैं तोर गोसइया बन," तू तुहा नवरा हो. मी कोपऱ्यात होती, कॉलेजात जाणारी पोट्टी, मले वाटलं आई पदर तोंडात धरून आत पळते. आईनं गमछा खांद्यावर टाकला, पाट ओढला, मांडी घातली अन् म्हणाली, "हव."

अन् मग तिनं ताट सरकवलं. फक्त ताट सरकवलं बोटानं, भुवई जराशी वर, अन् साऱ्या आंगणात असा हशा पिकला की काकीची सासू भिंतीले टेकून बसली. मीठ, तोंड नाही का, लय तोंड फुटलं, सारं आलं. प्रत्येक बाईच्या घरचं ताट होतं ते. माही आई, जी नवऱ्यापुढं एक वाक्य पूर्ण करत नव्हती, ती त्या आंगणात तासभर बोलली अन् एकही शब्द वाया गेला नाही. परत येताना ती गल्लीत थांबली, माहा हात धरला अन् म्हणाली, "कुंदा, मले पुन्हा करायचं आहे हे." तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. साडी नाही, सोनं नाही. हे मागितलं.

त्याच्यामागून बायका तिले बोलावू लागल्या. ज्या घरून बारात निघे त्या घरी निर्मलाबाई, म्हणजे माही आई, पाहिजेच. पण काकीचा दीर ताप आला म्हणून त्या पहिल्या बारातीत गेला नव्हता, आतल्या खोलीत गोधडीत पडून सारं ऐकून होता, अन् तो बाबांच्याच शिफ्टचा. कधीतरी त्यानं कारखान्याच्या बसमधी सांगून टाकलं. मग काय. बाबांनी डबा उघडला की दहाजण विचारत, "काय भाऊ, मीठ आहे ना?" बाबा घरी आले ते जोडे न काढता स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. "पुन्हा नकट्यात दिसली त या घरात पाय ठेवू नको. हे आपलं नाही. आपन सुधारलेले लोक आहो, बुद्धाचं नाव घेणारे, अन् तू पँट घालून नाचून राहिली." सुधारणा. तो शब्द बाबांच्या तोंडी ऐकला की आजही माही तळपायाची आग मस्तकात जाते. पोरींनी शिकावं म्हणून ते सभेत बोलत होते, टाळ्या घेत होते, अन् घरात बाईनं हसवलं तर सुधारणा बुडत होती.

आई गेली नाही मग. बोलावणं आलं की म्हणे, डोकं दुखते. भांडी घासताना जे गुणगुणत होती तेही थांबलं. अन् तशात सुनीलचं लग्न ठरलं, दुर्गची पोट्टी, म्हणजे बारात आमच्याच घरून निघणार. पाऱ्यातल्या बायका हसून एकमेकींना कोपरानं टोचत होत्या. नवरदेवाच्या घरी नकटा झाला नाही तर काकीच्या लेखी लग्नच अर्धं, अन् नवरदेवाची माय त्यात मुख्य. बाबा आठ दिवस आधीपासून घोकत होते, माह्या घरात हे होणार नाही. आई एवढंच म्हणाली, "तुम्ही त बारातीत रायसान जी. तुम्हाले काय दिसते मग?"

बारातीच्या दिवशी दुपारी बस दारात उभी. बाबांनी नवा सफारी घातला होता, कानामागं अत्तराचा फाया. सारे चढले, बँडवाले चढले, अन् बाबा पायरीवरून खाली उतरले. "मी नाही येत. घर कोण पाहीन?" नवरदेवाचा बाप बारातीत नाही, असं कोणी ऐकलं आहे का? मामा हात जोडून राहिले, सुनील मुंडावळ्या बांधलेला खिडकीतून पाहून राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी. बाबा ऐकेनात. बस निघून गेली. बाबांनी मांडववाल्याची एक लोखंडी खुर्ची उचलली, आंगणाच्या मधोमध मांडली अन् बसले, हात मांडीवर, तोंड स्वयंपाकघराकडं. पोटच्या पोराची बारात सोडली या माणसानं, कशासाठी, तर बायको हसू नये म्हणून.

बायका आल्या अन् भिंतीशी उभ्या राहिल्या. पुरुष आंगणात, अन् पुरुषही नवरदेवाचा बाप. त्याले लुगडं कोण नेसवते? काकी माह्या कानाशी म्हणाली, "अब नइ होय, बेटी." चुलीवर चहाचं आधण उकळून उकळून आटलं. मी आत गेली तर आई खोलीत बाबांची कारखान्यातली खाकी पँट चढवून राहिली होती. दोरीनं कमरेला बांधली, क्रेनवर घालायचा पिवळा टोप डोक्यावर घातला, लाल चौकडीचा गमछा हातात घेतला. मी म्हटलं, "आई, घराबाहेर काढतील." ती म्हणाली, "काढू दे. सून घरात यायच्या आधी काढतील त बरं. तिले माहीत त पडीन कोणत्या घरात आली."

ती बाहेर आली अन् तिनं गमछा फेकला. तो बाबांच्या खांद्यावर पडला.

"आज हे माही बायको," आई म्हणाली.

मले आता वाटते, त्या घडीले बाबांना पहिल्यांदा समजलं असंल की आपण काय करून बसलो. उठून गेले तर आंगण बायकांचं, नकटा होणारच. बसून राहिले तर ते नकट्यातच. राखण करायले मधोमध खुर्ची टाकून बसले अन् रंगमंच स्वतःच मांडून दिला. अशी चूक फक्त माहा बापच करू शकते. ते उठले नाहीत. हट्टी माणूस. चूप बसले, अन् चूप बसले म्हणूनच हुबेहूब आई दिसू लागले.

आईनं पाट घेतला, बायकांनी ताट दिलं. ताट सरकलं. "मीठ कोठं आहे याच्यात?" बाबा चूप. "तोंड नाही का तुले?" एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. बाबांच्या मानेवरची शीर फुगली, ते म्हणाले, "निर्मला, बस झालं." अन् आई टोप सरळ करून म्हणाली, "लय तोंड फुटलं तुले." अरे देवा, मग कोण थांबते. बायका एकमेकींच्या आंगावर पडून हसल्या, काकी चुलीजवळ गडागडा लोळली, मी हसली, पोट दुखेपर्यंत हसली. चूप राहा, तोंड नाही का. बोला, तोंड फुटलं. बाबा त्याच पिंजऱ्यात फिरले ज्यात आई वीस-बावीस वर्षं फिरली होती, अन् त्यांना एक पाऊण तासही निघेना.

मग आई पाटावरून उठली. बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. आवाज बाबांचाच, पण हळू झाला.

"तुही माय मेली त मेली. पोळ्या कोण टाकीन?"

हसणं तुटलं. साऱ्या बायकांना माहीत नव्हतं, पण मले अन् काकीले माहीत होतं. आईची माय, माही आजी, भंडाऱ्याले वारली तवा निरोप सकाळी आला होता. बाबांची शिफ्ट होती. त्यांनी ताटावर बसून हेच वाक्य म्हटलं होतं, असंच, न ओरडता, घास चावत, अन् आईनं पोळ्या टाकल्या होत्या. ती भंडाऱ्याले पोचली तवा राख सावडून झाली होती. त्यावर ती कधी काही बोलली नव्हती. आता ती टोप घालून उभी होती अन् वाट पाहून राहिली होती. रस्त्यावरचे ट्रक जाऊन राहिले होते. बाबा खाली मान घालून गमछ्याच्या टोकाशी चाळा करत होते. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हव."

आईनं टोप काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "झालं," ती म्हणाली. "चहा मांडा वं कोणी." ती आत जाऊन साडी नेसून आली. तिले कोणी घराबाहेर काढलं नाही. बाबांनी माफी मागितली असं समजू नका; दुसऱ्या दिवशी सून घरात आली अन् बाबांनी जेवताना पाणी मागितलं, तेही हुकमानं. पण ताट सरकवणं बंद झालं. त्याचं श्रेय मी त्यांना देत नाही. भर आंगणात झालं होतं म्हणून बंद झालं.

आईनं मात्र पुढची गोष्ट केली. ती म्हणाली, एका पुरुषानं पाहिलंच आहे, तर बाकीचे पाहोत. मागची पोहा मिल बंद पडली होती, तिच्या शेडमधी पोती अंथरून रविवारी दुपारी ती, काकी अन् आणखी चार बायका खेळू लागल्या. लग्न नको, बारात नको. बसलेल्यांनी नातं सांगायचं, गमछा फेकायचा, हव म्हणायचं. पोरं, म्हातारे, ट्रकवाले, सारे येऊन बसत. ते थिएटर होतं. पोह्याच्या भुशात सुरू झालेलं, बायकांनी सुरू केलेलं. अन् बाबा? बाबा तिसऱ्या-चौथ्या रविवारी घडीची खुर्ची घेऊन स्वतः आले अन् मधात बसले. लोक हसले. त्यांना ते हसणं आवडलं. मग दर रविवारी ते बसत, आई ताट सरकवे, ते "हव" म्हणत अन् टाळ्या पडत. जी शिक्षा होती तिचा त्या माणसानं सत्कार करून घेतला.

अन् आजीचं वाक्य कुठं गेलं? बाबांनी घरी सांगितलं, "ते नोको घेऊ, लोकाइचा मूड जाते." आई म्हणाली, "हव." मले त्या वेळी तिच्यावर राग आला होता, आता विचार करते तर वाटते, थकली असंल. खेळ चालू राहावा म्हणून तिनं ते दिलं. आई गेल्यावर बाबा कितीक वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत राहिले, मिठाची. माही बायको मले म्हणे मीठ नाही, मी म्हटलं हव. पाहुणे हसत. मयंक याच गोष्टीवर लहानाचा मोठा झाला. त्याले मीठ तेवढं माहीत आहे. पोट्ट्याची चूक नाही असं सुनील म्हणते. मी म्हणते, विचारायले काय झालं होतं? मी जिवंत आहे, चौबे कॉलोनीपासून भनपुरी काही विलायतेत नाही.

मागच्या महिन्यात बाबांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता. मले पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली. शेवटी त्यांनी 'दादाजी की कुर्सी' केलं. भिंतीजवळची खुर्ची मधात आणली, मयंक तिच्यावर बसला, गमछा खांद्यावर. एक चांगली चुणचुणीत पोट्टी पिवळा टोप घालून आली, तिनं ताट सरकवलं, नमक नहीं है, अन् मयंक असं तोंड करून "हव" म्हणाला की हॉल हसून हसून लोटपोट झाला. मग ती पोट्टी आमच्याकडं वळली. "दादीजी ने आगे क्या कहा होगा? आप में से कोई बताइए, कुछ भी।"

मी उठली. शाल खाली पडली ती पडू दिली. बाबांच्या आवाजात, आईच्या आवाजात, आता मलेही सांगता येत नाही कोणाच्या, मी म्हटलं, "तुही माय मेली त मेली. पोळ्या कोण टाकीन?"

हॉलमधी निम्म्या लोकांना मराठी येत नसंल, पण माय अन् मेली हे रायपुरात कोणाले सांगावं लागत नाही. मयंकले पूर्ण समजते, बोलत तेवढा नाही. त्याच्या तोंडावरचं हसू राहिलं तसंच, फक्त डोळे बदलले. त्याले नियम माहीत होता, तोच तर शिकवते. समोरचा जे म्हणेल ते घ्यायचं. मी वाट पाहिली. आईनं पाहिली होती तेवढी पाहिली. मग तो पोट्टा माइकवर म्हणाला, "बुआ, प्लीज़, आज नहीं।" बाबा निदान हव म्हणाले होते. मी दोन पायऱ्या चढून गेली, त्याच्या खांद्यावरचा गमछा काढून घेतला, घडी करून पिशवीत टाकला अन् जिना उतरली.

तो गमछा मी धुतला. आता दोरीवर वाळत घातला आहे. शुक्रवारी मयंकचा फोन आला. "बुआ, वो गमछा शो का है। कल लगेगा। ला दोगी ना?"

"हव," मी म्हटलं, अन् फोन ठेवून दिला.